बियाण्याला दोष देण्यापूर्वी

कारली अथवा पडवळ यांचे बी आळ्यात टोकून दहा-बारा दिवस लोटले, तरी अंकुर वर येत नाही; तेव्हा ‘बियाणे खोटे निघाले’ असा निर्वाळा सहज दिला जातो. कधी तो खराही असतो. परंतु पुष्कळदा उणीव बियाण्यात नसून पूर्वतयारीत असते.

या बियांचे कवच जाड व कठीण असते. त्यातून पाणी व हवा आत जाण्यास विलंब लागतो आणि कोवळ्या अंकुराला कवच फोडणे जड जाते. नागपूर भागात उन्हाळी वेलभाज्यांची लागवड जानेवारी-फेब्रुवारीत होते. जानेवारीत रात्रीचे तपमान कित्येकदा १० अंशांच्या आसपास उतरते. अशा गार जमिनीत कोरडे बी तसेच पडून राहते. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचले, की ते कुजते. मग नांग्या भराव्या लागतात, वेल मागेपुढे होतात आणि पहिल्या तोडणीचा चांगला भाव हातचा जातो. संकरित वाणाच्या पुडीत बी मोजके व मोल भारी असल्याने हे नुकसान लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही.

उपाय बिनखर्ची आहे. बियांची कड खरखरीत दगडावर हलकेच घासावी. आतील डाळीला इजा होऊ देऊ नये. नंतर बी कोमट पाण्यात सुमारे २४ तास भिजवावे. त्याहून अधिक काळ बुडवून ठेवल्यास हवेअभावी ते गुदमरते. भिजलेले बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उबदार जागी ठेवावे आणि मोड डोकावताच सुमारे २ सेंटिमीटर खोल लावावे.

मात्र पुडीतील बी औषध चोळलेले व रंगीत असेल, तर भिजवल्याने औषध धुऊन जाते. तेथे पुडीवरील सूचनाच पाळाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवडीपूर्वी प्रत्येक शेतकऱ्याकडून दहा बियांची चाचणी ओल्या फडक्यात करवून घ्यावी. या पिकांच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ६० टक्के असावी लागते. उबदार जागी दोन आठवड्यांत सहापेक्षा फारच कमी बियांना मोड आले, तर शंकेला जागा आहे. अशा वेळी पावती, पुडी व उरलेले बी जपून तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ज्याने आपले काम चोख केले, त्याचीच तक्रार वजनदार ठरते.