दाखल्यावरचा धर्म

जळगांव-धुळ्याच्या ख्रिस्ती समाजांत दोन वडील माणसें एकत्र बसलीं, कीं बोलणें हटकून एकाच तक्रारीवर येतें: तरुण मुलें मंदिराची पायरी चढत नाहींत. मग दोष कोणाचा, याचा शोध सुरू होतो. कोणी मोबाइलास नांवें ठेवितो, कोणी पुण्याच्या नोकरीस, कोणी पाळकांच्या लांबलचक उपदेशास. या यादींत एक नांव मात्र कधीं येत नाहीं; तें तक्रार करणाऱ्याचें स्वतःचें. तें आज आम्ही घालणार आहों.

मुलांनीं श्रद्धा टाकिली, हें म्हणणेंच आम्हांस मान्य नाहीं. जी वस्तु हातांत कधीं पडली नाहीं, ती टाकणार कशी? आम्हीं त्यांस बाप्तिस्म्याचा दाखला दिला, नाताळास नवे कपडे दिले, रविवारच्या शाळेंत नेऊन सोडलें, आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानिलें. घरांतील संध्याकाळची प्रार्थना मात्र बंद पडली. पैशाची अडचण आली तेव्हां आम्हीं कर्जाची चौकशी केली. देवापुढें गुडघे टेकलेले आईबाप मुलांच्या दृष्टीस पडले नाहींत. मूल ऐकलेलें विसरतें, पाहिलेलें विसरत नाहीं.

त्यांत भाषेची भर! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पश्चिम खानदेशांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे आणि पूर्व खानदेशांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे उपदेशक काम करीत होते. ते परदेशी, तरी येथील भाषा शिकल्यावांचून त्यांचें पान हलत नसे. आणि आम्ही येथलेच असून मुलांशीं देवाविषयीं बोलतों तें इंग्रजींत! आमच्याच घरची गोष्ट. आमच्या मातोश्री अहिराणींत प्रार्थना करीत. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं नातवानें इंग्रजी प्रार्थना अस्खलित म्हटली. पण आजी कोणत्या शब्दांनीं देवास हांक मारी, हें त्यास ठाऊक नव्हतें. हा अपराध त्याचा नव्हे, आमचा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, इंग्रजी ही भाकरीची भाषा आहे. कबूल, आमची स्वतःची भाकरी तिच्यावरच चालली. परंतु भाकरीची भाषा शिकण्यासाठीं अंतःकरणाची भाषा विसरलीच पाहिजे, असें कोठें ठरलें आहे? नारायण वामन टिळक यांनीं आपलीं भजनें मराठींतच लिहिलीं. १९१९ सालीं ते वारले तेव्हां 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें, शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनीं लिहिला, आणि १९३८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाप, आई व मुलगा अशा तिघांचे हात त्यास लागले. वारसा म्हणतात तो याला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: श्रद्धा लादूं नये, मुलांस निवड करूं द्यावी. लादूं नये हें शंभर वेळां खरें. टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें त्या आपल्या बुद्धीनें झगडल्या, आणि पतीच्या श्रद्धेचें मोल त्यांनीं पाहून-पारखून ठरविलें. निवड ती अशी होते. जें कधीं दाखविलेंच नाहीं, त्यास होकार देतां येत नाहीं, तसा नकारही देतां येत नाहीं. मुलानें आमची श्रद्धा जाणून ती नाकारली, तर आम्हांस दुःख होईल, पण त्याचा हक्क आम्ही मानूं. न जाणतांच तो तिच्याजवळून निघून गेला, तर त्याला स्वातंत्र्य म्हणूं नये. तो आमचा आळस आहे.

जळगांवाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या मुलानें, सोपानदेवांनीं, जपल्या म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, त्या महाराष्ट्रापुढें आल्या. पण मुलानें त्या जपल्या याचें कारण, त्या आधीं घरांत म्हटल्या गेल्या होत्या. मुक्या घरांत मुलांनीं जपावें तरी काय? तेव्हां मंदिरांतील रिकाम्या बाकांची मोजदाद पुरे झाली. आज दिवेलागणीस आपल्या घरांत कोणता आवाज उठतो, तेवढें प्रत्येकानें पाहावें. आणि कोणताच उठत नसेल, तर उद्यां मुलांकडे बोट दाखवूं नये.