टोरेंटच्या गर्दीत निनावी कोण?

नागपूर - मध्यवर्ती सर्व्हरच नाही, तेव्हा आपल्याला ओळखणार कोण, असा टोरेंटवरून चित्रपट घेणाऱ्या अनेकांचा समज असतो. उलट, आयपी पत्ता सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला, असे तपासात गृहीत धरले जाण्याचा धोका असतो. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत प्रसंगी निरपराध माणसाला मोजावी लागते.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या संगणकांवर होती, पण त्यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणले. त्यात फाइलचे तुकडे होतात आणि घेणारा प्रत्येक जण देणाराही ठरतो. मात्र तुकड्यांची ही देवाणघेवाण होण्यासाठी एका संगणकाला दुसऱ्याचा आयपी पत्ता कळावाच लागतो. साहजिकच त्या समूहात शिरणाऱ्या कोणालाही, अगदी निर्मात्याने नेमलेल्या संस्थेलाही, ते पत्ते दिसतात. विकेंद्रीकरणामुळे ही यंत्रणा बंद पाडणे अवघड झाले. वापरणाऱ्याला निनावीपणा मात्र लाभला नाही.

परंतु हा पत्ता जोडणीचा असतो, व्यक्तीचा नव्हे. नागपुरातील एखाद्या वसतिगृहात दहा विद्यार्थी एकच ब्रॉडबँड वापरत असतील, तर बाहेर पत्ता एकच दिसतो. मोबाइल कंपन्या तर एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. तेथे अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक यांवाचून ग्राहक शोधणे केवळ अंदाजाचे काम ठरते.

अशी चूक किती महागात पडते, हे पुण्यात दिसले आहे. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर टाकल्याच्या संशयावरून २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आधार होता आयपी पत्त्यावरून मिळालेल्या ग्राहकाच्या माहितीचा. ती माहिती चुकीची निघाली; तोवर त्याचे सुमारे ५० दिवस कोठडीत गेले होते. प्रकरण टोरेंटचे नव्हते, पण शोधाची पद्धत तीच होती.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. नागपूरचे सुपुत्र न्या. शरद बोबडे त्या पीठात होते. दुसरीकडे, व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती किमान पाच वर्षे जपून ठेवावी, असे निर्देश 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मध्ये दिले.

चित्रपटाची चोरी हा गुन्हाच आहे. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणूनच पत्ता हा तपासाचा आरंभ मानला पाहिजे, निष्कर्ष नव्हे. वेळेची पडताळणी आणि प्रत्यक्ष संगणकाची तपासणी झाल्याखेरीज कोणाच्याही दारावर अटकेची थाप पडू नये, एवढी दक्षता घेतली, तरच त्या निकालातील हक्काला व्यवहारात अर्थ उरेल.