सृष्टीचा सण की व्रत?

ख्रिस्ती उपासना-वर्षाचा आरंभ आगमनकाळाने होतो. नाताळ, उपवासकाळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे त्यातील प्रमुख टप्पे ख्रिस्ताच्या जीवनाभोवती व मानवाच्या तारणाभोवती गुंफलेले आहेत. ज्या सृष्टीच्या निर्मितीने बायबलचा प्रारंभ होतो, तिच्या वाट्याला मात्र या वर्षात दीर्घकाळ स्वतंत्र पर्व आले नव्हते. पिकांसाठी प्रार्थना करीत शेतांतून मिरवणूक काढण्याची प्रथा पश्चिमेकडे शतकानुशतके होती. समाज जसजसा शेतीपासून दुरावला, तसतशी तीही क्षीण होत गेली.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांतले आहेत. पर्यावरणीय संकटाची मुळे मानवकेंद्री ख्रिस्ती विचारात आहेत, असा आरोप लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ मध्ये केला आणि त्याच निबंधात असिसीच्या संत फ्रान्सिसचा आदर्शही पुढे ठेवला. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या संताला पर्यावरणाच्या उपासकांचा आश्रयदाता घोषित केले. पुढे १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क दिमित्रियोस पहिले यांनी १ सप्टेंबर, म्हणजे ऑर्थोडॉक्स धार्मिक वर्षाचा पहिला दिवस, सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तोच दिवस कॅथलिकांसाठीही स्वीकारला. त्या दिवसापासून संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, ४ ऑक्टोबरपर्यंत, अनेक पंथ आता एकत्रितपणे 'सृष्टीपर्व' पाळतात.

पंचांगात पर्व आले, हे स्वागतार्हच आहे. तथापि पर्वाचे सामर्थ्य तिथीत नसते, ते आचरणात असते. उपवासकाळ लोकांच्या मनात रुजला तो प्रवचनांमुळे नव्हे; त्यात काहीतरी सोडावे लागते, म्हणून रुजला. सृष्टीपर्वात काय सोडायचे, हा प्रश्न मात्र अद्याप मोकळाच आहे. रोपे लावणे व स्तोत्रे गाणे सोपे असते. चर्चच्या मालकीच्या जमिनीवर काय उभे राहावे, संस्थांमध्ये पाणी व वीज किती खर्च व्हावी आणि लग्नसमारंभांतील उधळपट्टीला आवर कोणी घालावा, हे ठरविणे अवघड असते.

मराठी भाषकांना याचा एक दाखला जवळच सापडतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने अनिर्बंध बांधकामे आणि विहिरींतून टँकरने होणारा पाण्याचा उपसा यांविरुद्ध लढा दिला. त्या लढ्याला सृष्टीपर्वाची वाट पाहावी लागली नाही. बागा व विहिरी वाचविणे हाच तेथे श्रद्धेचा अर्थ ठरला. त्यात जोखीम होती, म्हणूनच त्याला वजन आले. फादर दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले, परंतु वसईच्या पाण्याचा व हिरवळीचा प्रश्न मिटलेला नाही.

नवे पर्व केवळ सण म्हणून साजरे झाले, तर तो उत्सवांच्या यादीतील आणखी एक दिवस ठरेल. व्रत म्हणून ते पाळले गेले, तरच व्हाइटच्या आरोपाला कृतीचे उत्तर मिळेल.