प्लग काय सांगतो?

मुलांनो, पावसाळ्यात अंधेरी सबवेत पाणी तुंबलं, त्यातून गाडी काढली आणि बाबांची मोटारसायकल बंद पडली, तर किक मारत बसू देऊ नका. सेल्फ तर नकोच! सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल, तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉडच वाकतो.

इंजिन गार झालं की मोठ्यांना प्लग काढायला सांगा. प्लगवर पाणी दिसलं, तर गाडी ढकलत गॅरेजात. कोरडा असेल, तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, नळी, कार्ब्युरेटर बघा. पेट्रोलने ओला? ठिणगीत गडबड असावी. काजळी धरलीय? एअर फिल्टर तुंबला असेल.

एप्रिल 2020 पासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो. तिथे किल्ली फिरवल्यावर टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो का, ते कान देऊन ऐका.