लसीची तारीखही पाळावी

अष्टमी-चतुर्दशी ज्या घरात कटाक्षाने पाळली जाते आणि ज्या पेढीवर देण्याची मुदत कधी चुकत नाही, तेथेही बाळाच्या लसीची तारीख सहज पुढे ढकलली जाते. बाळंतपण माहेरी होते, पहिली मात्रा तेथेच दिली जाते. पुढे सून सासरी परतते आणि लसीकरणाचे कार्ड माहेरच्या कपाटात राहते. कोठे लग्नसराई आडवी येते, कोठे दुकानाचा हंगाम, तर कोठे बाळाची किंचित सर्दी.

भारतात पंचगुणी अर्थात पेंटाव्हॅलंट लस डिसेंबर 2011 मध्ये प्रथम केरळ व तामिळनाडूत सुरू झाली. आज ती सर्वत्र शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जिवाणूचे आजार यांपासून ती संरक्षण देते. तिच्या तीन मात्रा 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या वयात द्यावयाच्या असतात.

हे वेळापत्रक सहेतुक आहे. हिबचा धोका पाच वर्षांखालील मुलांना, त्यातही तान्ह्या बाळांना अधिक. या जिवाणूभोवती शर्करेच्या साखळ्यांचे कवच असते आणि दोन वर्षांखालील बाळाच्या प्रतिकारशक्तीला ते नीट ओळखता येत नाही. म्हणून लसीत त्या कवचाचा अंश प्रथिनाशी जोडलेला असतो. त्यामुळे बाळाचे शरीरही त्याची ओळख लक्षात ठेवते. एरवी हा जिवाणू न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर घडवू शकतो. मेंदूज्वरातून वाचलेल्या काही बालकांना कायमचे बहिरेपण येते.

लसीनंतर येणारा ताप, मांडीवरील सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. साधी सर्दी हे लस टाळण्याचे कारण नव्हे. आधीच्या मात्रेनंतर तीव्र त्रास झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य सांगावे. मात्रा चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. उरलेल्या मात्रा लवकरात लवकर पूर्ण कराव्यात. 16 ते 24 महिन्यांत आणि पुढे 5 ते 6 वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा असते; बहुधा तीच विसरली जाते.

जैन दर्शनात कर्मबंधाच्या कारणांत प्रमादाची गणना होते. येथे प्रमाद मोठ्यांचा आणि दुखणे बाळाचे. म्हणून सुनेच्या सामानासोबत कार्डही यावे आणि त्यावरील पुढची तारीख आजोबांनी पेढीच्या दैनंदिनीत त्याच दिवशी लिहून ठेवावी.