ध्वनी जुना, की पाटी जुनी?

आपल्या तरुणांच्या हातांतील गिटार आता नवलाईची राहिलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर (१९६२-६५) उपासनेत लोकभाषा आली, तिच्यामागून लोकांची वाद्येही आली, आणि पेटीच्या शेजारी गिटार हक्काने उभी राहिली. गिटारबरोबर तिची उपकरणेही घरात येणे क्रमप्राप्त होते. त्यांतील एका लहानशा उपकरणाविषयी आज आम्हांस थोडे परखडपणे लिहावयाचे आहे. ते उपकरण म्हणजे ट्रेमोलो पेडल. पायाने दाबावयाची ही डबी गिटारचा आवाज ठरावीक गतीने कमीजास्त करते आणि त्यामुळे सूर थरथरल्यासारखा, श्वास घेतल्यासारखा वाटतो. एवढ्याशा डबीसाठी एवढी शाई कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या डबीवर छापलेल्या ‘व्हिंटेज’ या एका शब्दापायी साध्या कुटुंबांचा पैसा खर्ची पडतो आणि शिकणाऱ्या मुलाला स्वतःच्या कानापेक्षा पाटीवर विश्वास ठेवण्याची सवय लागते. पैसा पुन्हा मिळवता येतो. लागलेली सवय मोडणे कठीण असते.

या बाबतीत दोन पक्ष दिसतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, खरा ट्रेमोलो १९५० आणि १९६० च्या दशकांतील अमेरिकन व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्येच होता, आणि पेडल म्हणजे निव्वळ नक्कल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, वेष्टनावर ‘जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा हुबेहूब आवाज’ असे छापलेले असले की काम झाले. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडतात, परंतु त्यांची चूक एकच आहे. ‘जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज’ नावाची एकच एक वस्तू अस्तित्वात होती, असे दोघेही गृहीत धरतात. ती तशी कधीच नव्हती.

प्रथम नावाचाच घोळ पाहा. आवाजाची पातळी वरखाली होते तो ट्रेमोलो, आणि स्वराची उंची वरखाली होते तो व्हायब्रेटो. आपल्या संगीतातील आंदोलन ज्याने ऐकले आहे त्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर गिटारवर स्वराची उंची बदलणारी दांडी बसवली आणि तिला ‘ट्रेमोलो’ म्हटले. पुढे आवाजाची पातळी बदलणाऱ्या आपल्या अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र तिने ‘व्हायब्रेटो’ असे छापले. म्हणजे दोन्ही नावे नेमकी उलटी पडली, आणि तो गोंधळ आजतागायत दुकानांतून चालू आहे. ज्या पाटीवर मुळातच नाव चुकलेले आहे, त्या पाटीला प्रमाण मानून खरेदी करणाऱ्यास काय म्हणावे?

आता यंत्रणेकडे वळू. १९४० च्या दशकात डीआर्मंड कंपनीने एक स्वतंत्र पेटी बाजारात आणली. तिच्यात विद्युत वाहून नेणाऱ्या द्रवाचा एक लहान डबा असे. मोटर तो हलवी, द्रव हिंदकळे आणि गिटारचा संकेत लयीत कमीजास्त होई. बो डिडली या गायक-वादकाने १९५५ साली आपल्याच नावाच्या गाण्यात जो थरथरता ठेका जगाला ऐकवला, तो या पेटीशी निगडित आहे. म्हणजे ज्याला आज ‘नकली’ म्हणून हिणवले जाते ते अ‍ॅम्प्लिफायरबाहेरचे ट्रेमोलो यंत्र, फेंडरने १९५५ साली ट्रेमोलक्स हा आपला पहिला ट्रेमोलोयुक्त अ‍ॅम्प्लिफायर काढला त्याच्याही आधीचे आहे. पहिल्या पक्षाने हे ध्यानात घ्यावे.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात बसवलेला ट्रेमोलोही एका जातीचा नव्हता. एका जातीत शेवटच्या टप्प्यातील व्हॉल्व्हना मिळणारा स्थिर विद्युत्‌दाबच हलवला जाई. फेंडरचा प्रिन्स्टन हे त्याचे परिचित उदाहरण. यात व्हॉल्व्ह स्वतःच शिथिल होतो आणि पुन्हा जागा होतो, म्हणून आवाजाबरोबर त्याचा पोतही किंचित बदलतो आणि कंप गोल, मऊ वाटतो. दुसऱ्या जातीत एक निऑन दिवा लुकलुकतो आणि त्याच्या उजेडाने प्रकाशसंवेदी रोध आपला अडथळा कमीजास्त करतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापासूनचे डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब हे या जातीचे. निऑन दिवा हळूहळू उजळत नाही, तो पटकन पेटतो. म्हणून हा कंप अधिक कडेदार, काहीसा तुटक लागतो. तिसरी जात १९६० च्या आसपास फेंडरच्या तपकिरी आवरणाच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होती. तिच्यात संकेताचे खर्ज आणि तार असे दोन भाग केले जात. एक भाग वर चढे तेव्हा दुसरा खाली उतरे. आवाज पूर्ण बुडत नसे, तर त्याचा रंग पालटत राही. याखेरीज मॅग्नाटोन कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर स्वराची उंचीच हलवीत, म्हणजे खऱ्या अर्थाने व्हायब्रेटो देत.

आता सांगा, यांपैकी ‘व्हिंटेज’ कोणता? सगळेच, आणि म्हणूनच त्या शब्दाला खरेदीच्या वेळी काहीही अर्थ उरत नाही. काही उत्पादकांनी हे प्रामाणिकपणे मान्य केले आहे. स्ट्रायमन कंपनीने २०१२ साली काढलेल्या फ्लिंट या पेडलमध्ये वर सांगितलेल्या तिन्ही जाती वेगवेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांना ६१, ६३, ६५ अशी सालेही दिली आहेत. एकाच डबीत तीन पर्याय ठेवावे लागले, यातच आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे.

‘व्हॉल्व्हशिवाय प्राण नाही’ हा मंत्र जपणाऱ्यांस आमचा एक प्रश्न आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे १९६९ सालचे ‘बॉर्न ऑन द बायू’ त्यांनी ऐकले आहे काय? त्यातील दलदलीच्या वाफेसारखा डोलणारा ट्रेमोलो अनेकांच्या लेखी आदर्श आहे. जॉन फॉगर्टी यांनी तो कस्टम कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला, आणि तो अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा होता. त्यात व्हॉल्व्ह नव्हतेच. ज्या आवाजाची भक्ती करावयाची तोच जर व्हॉल्व्हविना जन्मला असेल, तर व्हॉल्व्हची भक्ती कशासाठी?

परंतु आमचा मुख्य मुद्दा याहून पुढचा आहे, आणि तो दोन्ही पक्ष विसरतात. जुन्या ध्वनीचे रहस्य डबीत जितके आहे, तितकेच ते क्रमात आहे. रिव्हर्ब असलेल्या फेंडर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आधी रिव्हर्बची गुंजन मिसळते आणि नंतर ट्रेमोलो येतो. त्यामुळे गुंजनही सुराबरोबर थरथरते. आपण पेडल अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे जोडतो तेव्हा हा क्रम उलटतो. आधी थरथर, मग गुंजन. सुरांमधील रिकाम्या जागा गुंजनाने भरून जातात आणि कंप पुसट होतो. त्यातच अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने, फुटक्या आवाजावर लावलेला असेल तर तो वरखालीला दाबून टाकतो, आणि महागड्या पेडलचा कंप अर्धा नाहीसा होतो. मग मुलगा म्हणतो, पेडल खोटे निघाले. पेडल खोटे नव्हते, जागा चुकली होती. विकृतीची पेडले आधी आणि ट्रेमोलो नंतर जोडावा, स्वतंत्र रिव्हर्ब असल्यास तोही आधी ठेवून पाहावा. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

क्रमाचे महत्त्व ज्यांनी ओळखले त्यांचे उदाहरण द्यावयाचे तर १९८४ सालच्या ‘हाऊ सून इज नाऊ?’ या ध्वनिमुद्रणाचे देता येईल. द स्मिथ्स या वाद्यवृंदाचे जॉनी मार यांनी गिटार आधी ट्रेमोलोविना वाजवून टेपवर घेतली. मग तो आवाज चार ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडला आणि निर्माते जॉन पोर्टर यांच्यासह प्रत्येकाची गती हाताने सांभाळत, थोडा थोडा भाग करून कंप लयीशी जुळवला. कारण त्या अ‍ॅम्प्लिफायरना गाण्याची लय कळत नव्हती. आज पायाने ठोका देऊन गती बांधणारी पेडले मिळतात. ठोक्याची सोय म्हणजे परंपरेशी द्रोह, असे म्हणणाऱ्यांनी त्या चार अ‍ॅम्प्लिफायरपुढे बसलेल्या माणसांची कल्पना करून पाहावी.

आता आपल्या घरापर्यंत येऊ. आपल्या गायनवृंदातील गिटार पुष्कळदा अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता थेट मिक्सरला जोडलेली असते. अशा वेळी पेडलच्या पुढे आवाज दाबणारे काही नसते, म्हणून साधे, मध्यम किमतीचे पेडलही स्वच्छ काम देते. परंतु वसईतील वा मुंबईतील जुन्या दगडी ख्रिस्तमंदिराचे उंच छप्पर स्वतःच गुंजन देते, आणि ते नेहमी सर्वांत शेवटी मिसळते. कोणतीही डबी त्याच्या मागे जाऊन बसू शकत नाही. तेथे वेगवान, तुटक ट्रेमोलो म्हणजे केवळ चिखल. मंद गतीचा, उथळ, गोल कंपच तेथे ऐकू येतो. घराच्या खोलीत जे पेडल मोहक वाटले ते मंदिरात निष्प्रभ ठरते, त्याचे कारण हे आहे. पेटीच्या कंपाचा खटका मोठ्या मंदिरात सर्रास न ओढणाऱ्या आपल्या जुन्या वादकांना हे पुस्तकाविना समजले होते.

तेव्हा दुकानात गेल्यावर ‘हे व्हिंटेज आहे का?’ असे विचारू नये. पुढील गोष्टी विचाराव्यात. हा कंप वर सांगितलेल्या जातींपैकी कोणत्या जातीचा? लाटेचा आकार बदलता येतो का? उदाहरणार्थ, बॉस कंपनीच्या टीआर-२ वर त्यासाठी वेगळा नॉब आहे. आवाजाची पातळी वाढवण्याची सोय आहे का? कारण ट्रेमोलो आवाज पुन्हा पुन्हा खाली नेतो, म्हणून एकंदर आवाज कमी झाल्याचा भास होतो, आणि ही सोय नसेल तर गिटार वृंदात हरवते. सर्वांत मंद गती किती मंद आहे? आणि शेवटी, स्वतःच्या गिटारवर, स्वतःच्या जोडणीत वाजवून पाहू देता का? या शेवटच्या प्रश्नाला नकार देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

कोणी म्हणतील, मग सरळ जुना अ‍ॅम्प्लिफायरच का घेऊ नये? ज्यांना परवडतो त्यांनी अवश्य घ्यावा, आमचे वैर त्या सुंदर यंत्रांशी नाही. मात्र ट्विन रिव्हर्बचे वजन सुमारे २९ किलो असते हे पाठीला विचारून घ्यावे. अमेरिकेसाठी बनलेले जुने यंत्र तेथील सुमारे ११७ व्होल्टवर चालते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट जोडले तर जळेल. त्यासाठी योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा आणि व्हॉल्व्ह जाणणारा दुरुस्तीकारही हवा. कर्ज काढून हे घरात आणणे म्हणजे आवाजापेक्षा आठवण विकत घेणे होय, आणि तीही दुसऱ्याची.

दुसरे कोणी म्हणतील, सारे ट्रेमोलो सारखेच, सर्वांत स्वस्त ते घ्यावे. हेही आम्हांस मान्य नाही. भेद आहे, आणि तो कानाला कळतो. मात्र त्याची किंमत साल आणि पाटी पाहून ठरवू नये. शिकागोच्या स्टेपल सिंगर्स या कुटुंबाचे वडील ‘पॉप्स’ स्टेपल्स यांनी १९५० च्या दशकात भक्तिगीतांमागे जो संथ, थरथरता गिटार-नाद धरला, तो आजही ऐकणाऱ्यास स्तब्ध करतो. त्यांच्यापाशी ‘व्हिंटेज’ असे काही नव्हते. त्यांचे यंत्र त्या काळी नवेच होते. त्यांनी ते गाणाऱ्या आपल्या मुलांच्या गळ्यांखाली किती हळू आणि किती उथळ ठेवावे, एवढेच ऐकून ठरवले.

पालकांना आमची विनंती एवढीच की, मुलाने अशा पेडलचा हट्ट धरला तर रागावू नका आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. त्याला विचारा, तुला यातला कोणता कंप हवा, आणि तो कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी वाजवणार? ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याला ते पेडल खुशाल घेऊन द्या. ज्याला येणार नाही, त्याला आणखी सहा महिने ऐकू द्या.