कोर्टाच्या हुकमाशिवाय पगाराला हात लागता कामा नये!

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील सर्व कायम व कंत्राटी कामगारांना जाहीर आवाहन

कामगार बंधू-भगिनींनो,

गेल्या सोमवारी सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटवर जे घडलं, ते आपण खपवून घेणार आहोत का? पहिली पाळी सुटत होती. दोन वसुलीवाले मोटरसायकल आडवी लावून उभे होते. आपल्या एका कंत्राटी सहकाऱ्याचं नाव त्यांनी मोठ्याने पुकारलं, थकलेल्या हप्त्यांचा आकडा चारचौघांत वाचून दाखवला आणि ‘पगार जप्तीचा आदेश’ म्हणून एक कागद त्याच्या तोंडासमोर नाचवला. दुसऱ्या दिवशी ठेकेदार त्याला म्हणाला, “आधी तुझं मिटव, मग ये.” आज तो घरी बसून आहे. ज्या पगारातून हप्ता फिटायचा, तो पगारच या लोकांनी तोडला!

तो कागद आम्ही संघटनेच्या कार्यालयात नीट तपासला. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. कोर्टाचं नाव नाही, दाव्याचा नंबर नाही, न्यायाधीशांची सही नाही. तळाशी मात्र पैसे भरायला क्यूआर कोड! कोणतंही कोर्ट असा हुकूम काढत नाही. ही सरळसरळ लुबाडणूक आहे.

आणि हे एकच प्रकरण नाही. अंबडच्या एका भगिनीच्या मोबाइलमधले नंबर काढून तिच्या दिराला आणि मुलीच्या शाळेतल्या बाईंना फोन केले. सिडकोतल्या एका ऑपरेटरला रात्री साडेअकराला “पोलीस स्टेशनमधून बोलतोय” म्हणून दम दिला. एका जामीनदाराने घाबरून बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलं आणि पैसे वसुलीवाल्याच्या हातात दिले. पावती? नाही!

आता कायदा काय म्हणतो ते ध्यानात ठेवा. वसुली एजंटाला, वित्त कंपनीला किंवा बँकेच्या मॅनेजरला तुमचा पगार जप्त करता येत नाही. आधी दावा, मग हुकूमनामा, मग कोर्टाचा जप्तीचा हुकूम तुमच्या मालकाकडे. तेव्हाही सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. पगार 25,000 असेल तर 17,000 ला कोणी हात लावू शकत नाही. जास्तीत जास्त 8,000 कापले जातील. एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिने कपात झाली की ती कायमची थांबते. मजुरांची आणि घरकामगारांची मजुरी तर जप्तीतून पूर्ण वगळली आहे. भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण आहे. पोटगीचा हुकूम असेल तर एवढी सवलत मिळत नाही, आणि मिळूही नये.

काही शहाणे म्हणतात, “कर्ज घेतलं तर फेडायला नको?” फेडायचंच आहे! कर्ज बुडवा असं ही संघटना कधी म्हणाली नाही आणि म्हणणारही नाही. पण हप्ता थकला म्हणून माणसाची अब्रू गहाण पडत नाही. “कशाला वाच्यता करायची, लोक काय म्हणतील” असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: तुमच्या याच भीतीवर वसुलीवाल्यांचा धंदा चालतो. 2007 सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की गुंड पाठवून कर्जवसुली करता येणार नाही.

ताबडतोब हे करा:

1. कागद दाखवला की कोर्टाचं नाव आणि दाव्याचा नंबर विचारा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. कागदाचा फोटो काढा.

2. एजंटाचं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. रोख पैसे देऊ नका. भरणा फक्त कर्जखात्यात, आणि पावती घ्या.

3. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. महिलांच्या गटकर्जासारख्या मायक्रोफायनान्स कर्जाला ही वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 आहे. नातेवाइकांना, मित्रांना त्रास देणं, जाहीर अपमान करणं बंद म्हणजे बंद. कॉल रेकॉर्ड करा, मेसेज पुसू नका.

4. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी 14448.

5. धमकी दिली, पोलीस असल्याचं सोंग घेतलं, तर थेट पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेची कलमे 351 आणि 204 त्यासाठीच आहेत. ॲपवरून फसवणूक झाली तर 1930 वर फोन करा.

6. विनापरवाना सावकार असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार द्या.

7. खरी नोटीस मात्र उशाशी ठेवून झोपू नका! कोर्टाचं समन्स आलं तर 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली तर 15 दिवसांत पैसे भरायचे असतात. लवादाच्या नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर त्याचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळतो, आणि पगारातून कपात करायला तुम्हीच सही दिली असेल तर ती चालू राहते. सही करण्याआधी वाचा. जामीनदार होतानाही वाचा!

8. वकील परवडत नाही म्हणू नका. महिला, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन 15100.

एचआरच्या अधिकाऱ्यांना आणि ठेकेदारांना जाहीर इशारा: एजंटाच्या फोनवरून कुणाचा पगार अडवलात किंवा कुणाला घरी बसवलंत, तर गाठ संघटनेशी आहे.

आणि थोडं आपल्या माणसांनाही सांगायचं आहे. त्या सोमवारी गेटवर शंभराहून जास्त कामगार होते. कितीतरी जणांनी मोबाइल काढून व्हिडिओ केला. “कागद दाखव” म्हणायला एकही पुढे झाला नाही. बोनससाठी याच गेटवर पावसात बसलेले आपण! टाळेबंदीत बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांच्या खोल्यांवर शिधा पोचवणारी ही संघटना. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला आपण असं एकटं सोडतो?

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता कर्जाचे करार, नोटिसा, पासबुक घेऊन संघटनेच्या कार्यालयात या. वकील हजर असतील. सभासद नसलात तरी या, कंत्राटी असलात तरी या, घरच्यांनाही आणा. प्रत्येक गेटवर पाच जणांचं मदत पथक त्याच दिवशी नेमायचं आहे, नावं द्या. आणि आपल्या त्या सहकाऱ्याला कामावर परत घेण्यासाठी सोमवारी पहिल्या पाळीला सगळ्यांनी ठेकेदाराच्या कार्यालयावर जमायचं आहे. एकानेही घरी थांबू नये!